जलाशयातील बिऱ्हाडे

गोंदिया जिल्हा तलावांसाठी प्रसिद्ध आहे. याच जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात गाढवी नदीवर इटियाडोहचे धरण आहे. ते १९७० मध्ये पूर्ण झाले. काठावर उभे राहिले असता तेथील विस्तीर्ण पाणी निश्चल व निर्जन भासते. परंतु मुलांनो, त्या पाण्याखाली केवढा तरी मोठा संसार नांदत असतो.

एखाद्या तीन मजली वाड्यात निरनिराळी बिऱ्हाडे राहावीत, तसे मासे जलाशयात राहतात. वरच्या मजल्यावर कटला. त्याचे तोंड वर वळलेले असते. पृष्ठभागाजवळ तरंगणारे सूक्ष्म जीव तो टिपतो. मधल्या मजल्यावर रोहू असतो. तळमजल्यावर मृगळ असतो. चिखलातील कुजलेला पाला हेच त्याचे अन्न. त्यामुळे एकाच्या तोंडचा घास सहसा दुसरा हिरावून घेत नाही.

इतर शेजारीही मोठे नामी आहेत. शिंगट्याला लांब मिशा असतात. गढूळ पाण्यात त्यांच्या साह्याने तो भक्ष्य शोधतो. सापासारखी लांबट वाम दगडांच्या कपारीत दडते. मरळ पाण्यावर तोंड काढून हवा घेऊ शकते. तिच्या पिलांची राखण नर व मादी दोघेही करतात.

रोहू, कटला व मृगळ हे मूळचे वाहत्या नदीचे रहिवासी. पावसाळ्यात पूर आला, की ते प्रवाहाविरुद्ध पोहत जाऊन उथळ जागी अंडी घालतात. धरणाची भिंत ही वाट अडवते आणि साठलेल्या पाण्यात ते सहसा अंडी घालीत नाहीत. मग त्यांचा वंश कसा टिकावा? १९५७ मध्ये डॉ. हिरालाल चौधुरी यांनी ओडिशात या जातीच्या माशांना माशाच्याच मेंदूजवळील ग्रंथीचा अर्क टोचला. त्या माद्यांनी बंदिस्त पाण्यातही अंडी घातली. आज अशा रीतीने वाढविलेली बोटाएवढी पिले, म्हणजेच बोटुकली, जलाशयांत सोडतात.

पण लहानसहान देशी माशांची बोटुकली सहसा कोणी सोडीत नाही. त्यांना पाणवनस्पतींचा आसरा लागतो. हे जाणून याच तालुक्यातील ढिवर बंधुभगिनींनी काही जुन्या तलावांतील बेशरमाची झुडपे उपटली व तेथे देशी पाणवनस्पती लावल्या. मासेमारीवर ज्यांचे पोट आहे, त्यांनीच माशांचे घर सावरले.

बारीक आसाच्या जाळ्यात उद्याचे मासे आजच संपतात. पावसाळ्यात गाभोळीने भरलेली एक मादी पकडली, तर तिच्याबरोबर हजारो पिलेही जातात. वाड्यातील सर्व बिऱ्हाडे नांदती राहिली, तरच ढिवराच्या घरची चूलही पेटती राहील.

शब्दार्थ : आस – जाळ्याचे छिद्र; गाभोळी – माशाच्या पोटातील अंडी; बेशरम – पाणथळ जागी माजणारे एक झुडूप.

स्वाध्याय
१. जलाशयाला तीन मजली वाड्याची उपमा का दिली आहे?
२. धरणामुळे रोहूच्या जीवनात कोणती अडचण येते?
३. तुमच्या गावच्या तळ्यात कोणते मासे आढळतात, ते वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.