निळ्या-हिरव्या शेवाळाची पटले : पेशीबाहेर कार्यक्षम कशी राहतात?

भातखाचरात वाढणारे निळे-हिरवे शेवाळ हवेतील नत्र स्थिर करते, म्हणून खत या नात्याने ते आपल्या परिचयाचे आहे. प्रयोगशाळेत मात्र ते निराळ्याच कारणासाठी मोलाचे ठरले आहे. वास्तविक हे शेवाळ नसून एक प्रकारचा जीवाणू होय. त्याच्या पेशीत ‘थायलाकॉइड’ नावाची पातळ पटले असतात. सूर्यप्रकाशाच्या बळावर पाण्याचे विघटन होऊन प्राणवायू मोकळा होतो, तो याच पटलांवर.

ही पटले पेशीतून बाहेर काढली तरी काही काळ आपले काम करीत राहतात. परंतु तो काळ अल्प असतो. प्रकाश टिपता टिपता त्यांतील डी-१ हे प्रथिन झिजते. जिवंत पेशी ते सतत बदलीत असते. पेशी फुटली की कारखाना चालू, पण दुरुस्तीचे खाते बंद, अशी अवस्था होते. म्हणून झीज लांबविणे एवढेच संशोधकाच्या हाती उरते.

त्यासाठी सर्व काम बर्फावर व मंद हिरव्या उजेडात करतात. बारीक काचमण्यांबरोबर घुसळून पेशी फोडतात. घर्षणाने तपमान वाढू नये म्हणून मधूनमधून थांबणे अगत्याचे असते. नंतर सेंट्रिफ्यूज यंत्रात फिरवून पटले तळाशी बसवितात. वरचे पाणी निळे दिसू लागले, तर पटलांवरील निळी रंगद्रव्ये सुटून गेली असे समजावे. पातळ द्रावणात हे हमखास घडते. फॉस्फेटचे तीव्र द्रावण वापरल्यास ती जागेवर टिकतात. मात्र सर्वात नाजूक भाग प्राणवायू निर्माण करणारा. त्यातील कॅल्शियम व क्लोराइड निसटले की तो निकामी होतो. यास्तव द्रावणात कॅल्शियम क्लोराइड घालतात, तसेच साखर, ग्लिसरॉल किंवा बिटेन मिसळून प्रथिनांना आधार देतात. साठवण करावयाची झाल्यास ग्लिसरॉलयुक्त पटलांचे लहान लहान भाग करून ते द्रवरूप नायट्रोजनमध्ये झटकन गोठवितात आणि उणे ८० अंश सेल्सिअसवर ठेवतात. एकदा वितळलेला भाग पुन्हा गोठवू नये.

पटले कार्यक्षम आहेत की नाहीत, याची परीक्षा सोपी आहे. डीसीपीआयपी हा निळा रंग त्यांत घालून प्रकाश दिल्यास तो फिका पडतो. अंधारात तसाच राहतो. ड्यूरॉन हे तणनाशक मिसळताच प्रकाशातही रंग टिकून राहतो. याच गुणामुळे पाण्यातील अशा तणनाशकांचा अंश हुडकण्यास ही पटले उपयोगी पडतात. पण त्यासाठी ती टिकाऊ असावी लागतात.

या कामी उन्हाच्या पाण्याच्या झऱ्यांत वाढणाऱ्या जाती विशेष कणखर ठरल्या. जपानमधील अशाच एका जातीच्या पटलांतून प्रकाशसंहती-२ हा प्रथिनसमूह वेगळा करून तेथील संशोधकांनी त्याचे स्फटिक बनविले. प्राणवायू जेथे निर्माण होतो त्या केंद्राची रचना त्यांवरून २०११ साली स्पष्ट झाली : मँगनीजचे ४ अणू, ऑक्सिजनचे ५ आणि कॅल्शियमचा १.