फुली मारली तरी होकार

जून उजाडला की वाशिम, रिसोड, कारंजा, मंगरूळपीर इथल्या सेतू आणि आपले सरकार सेवा केंद्रांसमोर सकाळपासून रांग लागते. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेयर, अधिवास. जुलै संपत आला की पीकविमा. मुलीच्या प्रवेशाची मुदत उद्या संपणार असते आणि केंद्रचालकाच्या पडद्यावर पांढरे ठिपके गोल फिरत असतात: अपडेट चालू आहे, संगणक बंद करू नका. "भाऊ, आज होईन का?" असं रांगेतून कुणी विचारतं. केंद्रचालक काय सांगणार? हा बदल त्याने मागितलेला नसतो, त्याची वेळ त्याने ठरवलेली नसते आणि तो किती वेळ चालेल हेही त्याला ठाऊक नसतं.

संगणकावर पोट असलेल्या माणसाची ही तगमग जुनी आहे, पण तिला खरं तोंड फुटलं ते 2015-16 मध्ये. मायक्रोसॉफ्टने 29 जुलै 2015 रोजी विंडोज 10 बाजारात आणलं आणि विंडोज 7 व 8.1 वापरणाऱ्यांना ते वर्षभर मोफत देऊ केलं. मोफत देण्याला कुणाचीच हरकत नव्हती. हरकत होती ती गळ्यात मारण्याला. आधी पडद्याच्या कोपऱ्यात एक चिन्ह आलं, मग चौकटी उघडू लागल्या. ज्यांनी नवी आवृत्ती मागितलीच नव्हती त्यांच्याही हार्ड डिस्कवर 6 जीबीपर्यंतच्या फायली गुपचूप येऊन बसल्या. फेब्रुवारी 2016 मध्ये हा बदल 'शिफारस केलेल्या' अपडेटच्या यादीत गेला. ज्यांच्या संगणकावर अशी अपडेट आपोआप घ्यायची सोय चालू होती, त्यांच्याकडे तो स्वतःहून सुरू होऊ लागला.

मे 2016 मध्ये तर कहर झाला. चौकटीच्या कोपऱ्यातली फुली दाबली की चौकट बंद होते आणि काही घडत नाही, हे जगभरच्या माणसांच्या बोटांना वर्षानुवर्षं ठाऊक होतं. विंडोज 10 च्या चौकटीत मात्र फुली दाबली तरी ते चढवण्याची ठरलेली वेळ कायम राहत होती. चौकट बंद करणारा माणूस आपण नको म्हटलं या समजुतीत असे आणि कंपनी त्याचा होकार धरून चाले. बरीच ओरड झाल्यावर, मोफत मुदत संपायला महिना उरला असताना, सरळ नकार देण्याचं बटण आलं. कंपनीचे तेव्हाचे विपणनप्रमुख ख्रिस कपोसेला यांनी डिसेंबर 2016 मध्ये एका मुलाखतीत आपण मर्यादा ओलांडल्याचं कबूल केलं, तेही या फुलीचाच उल्लेख करून.

तोवर नुकसान व्हायचं ते झालं होतं. कॅलिफोर्नियातल्या सॉसालिटो इथे प्रवाससंस्था चालवणाऱ्या एका महिलेचा कामाचा संगणक या बदलानंतर वारंवार बंद पडू लागला. ती छोट्या दाव्यांच्या न्यायालयात गेली आणि तिला 10,000 डॉलरची भरपाई मिळाली. कंपनीने अपील मागे घेतलं. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात चिंको अभयारण्यातल्या शिकारविरोधी पथकाच्या लॅपटॉपवर उपग्रहाच्या महागड्या इंटरनेटवरून विंडोज 10 उतरू लागल्याची तक्रार जून 2016 मध्ये जगभर गाजली.

आपल्याकडे हे सगळं घडत होतं तेव्हा जिओ यायची होती. ती आली 5 सप्टेंबर 2016 रोजी. त्याआधीच्या उन्हाळ्यात मोबाइलच्या एक जीबी डेटाला साधारण दोन-अडीचशे रुपये पडत. मोबाइलवरून इंटरनेट घेऊन काम करणाऱ्या मालेगाव किंवा मानोऱ्यातल्या एखाद्या दुकानदाराला न मागितलेले सहा जीबी म्हणजे काय, याचा हिशेब कुणी मांडला नाही. आणि महिने कोणते, तर मे, जून, जुलै. प्रवेश, दाखले, पीककर्ज, पेरणी, सगळं एकाच वेळी अंगावर आणणारे. दूर सिएटलजवळच्या कार्यालयात तारीख ठरवणाऱ्याला वऱ्हाडातला हंगाम माहीत असण्याचं कारण नाही. म्हणूनच तारीख वापरणाऱ्याच्या हाती हवी.

मी वाशिमात मराठी अक्षरजुळणीचं काम करते, त्यामुळे या दुखण्याची आणखी एक बाजू मला जवळून दिसते. एका रात्री माझ्या लॅपटॉपने स्वतःहून नवी आवृत्ती चढवली. सकाळी एका शाळेची स्मरणिका अर्धी लागलेली होती आणि जुळणीचं सॉफ्टवेअर उघडेना. त्याचं डोंगल, म्हणजे पोर्टला लावायचं कुलूप, संगणक ओळखतच नव्हता; प्रिंटरही गप्प. पानं दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडली तर मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा. सॉफ्टवेअरवाल्यांकडे चौकशी केली तेव्हा नवी आवृत्ती विकत घ्या असं उत्तर आलं. त्या दिवशी मला वाचवलं ते एका सोयीने: सेटिंग्जमध्ये 'रिकव्हरी'त जाऊन मागच्या आवृत्तीवर परतता येतं. मी परतले, डोंगल चालू झालं, स्मरणिका वेळेत गेली.

ही परतीची वाट फार थोड्यांना माहीत असते आणि ती फार दिवस उघडी राहत नाही. सुरुवातीला विंडोज 10 मध्ये ती महिनाभर होती, 2016 च्या ऑगस्टमधल्या अपडेटपासून ती 10 दिवसांवर आली. त्यानंतर जुन्या आवृत्तीचा साठा आपोआप पुसला जातो. तंत्रज्ञ ओळखीचा असेल तर मुदत संपायच्या आत त्याच्याकडून ती 60 दिवसांपर्यंत वाढवून घेता येते. तेव्हा नवी आवृत्ती चढली असेल तर 'बघू पुढच्या महिन्यात' म्हणू नये. पहिल्याच दिवशी प्रिंटर, स्कॅनर, डिजिटल स्वाक्षरीचा टोकन, बायोमेट्रिक यंत्र आणि मराठी टंकलेखन एकेक करून चालवून पाहावं. बिघाड दिसला तर लगेच परतावं.

मराठीत काम करणाऱ्याला हा फटका जास्त का बसतो, हे समजून घेण्यासारखं आहे. युनिकोड रुळण्याआधीची आपली सारी छपाई कृतिदेव, श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचं आयएसएम अशा फॉन्टांवर आणि सॉफ्टवेअरांवर उभी राहिली. त्यांत मराठी मजकूर आतून रोमन संकेतांनीच साठवलेला असतो. फॉन्ट नसला की तो उघडा पडतो. 64-बिट विंडोज अधिकृत स्वाक्षरी नसलेले ड्रायव्हर सहसा चालू देत नाही, त्यामुळे जुनी डोंगलं मुकी होतात. विंडोज 11 तर फक्त 64-बिटच आहे. डॉसच्या काळातला 16-बिट हिशेबाचा प्रोग्राम एखाद्या अडत दुकानात अजून चालत असेल, तर तो तिथे सरळ उघडणारच नाही. युनिकोडवाल्यांनीही निश्चिंत राहू नये. सरकारी कागदांत सर्रास वापरला जाणारा मंगल हा फॉन्ट विंडोज 10 पासून कोऱ्या संगणकावर आपोआप असेलच असं नाही. मराठी किंवा हिंदी भाषा जोडली की तो येतो, नाहीतर ऐच्छिक सुविधांच्या यादीतून देवनागरीचे पूरक फॉन्ट घ्यावे लागतात. कितीतरी जण हे ठाऊक नसल्यामुळे इंटरनेटवरून कुठूनतरी फॉन्ट उतरवतात आणि सोबत व्हायरस घेऊन येतात.

ब्राउझरचंही तसंच झालं. इंटरनेट एक्स्प्लोरर 15 जून 2022 रोजी निवृत्त झाला आणि 14 फेब्रुवारी 2023 रोजी विंडोज 10 वरच्या बहुतेक संगणकांत तो एज ब्राउझरच्या अपडेटने कायमचा बंद करण्यात आला. जी जुनी संकेतस्थळं त्याच्याशिवाय चालत नाहीत, त्यांच्यासाठी एजमध्येच 'आयई मोड' आहे. तो सेटिंग्जमधून चालू करावा लागतो.

इतकं सोसल्यावर माणूस काय करतो? अपडेट कायमचं बंद करून टाकतो. दुरुस्तीवाला पोरगाही तेच सुचवतो. मला सगळ्यात जास्त काळजी या सल्ल्याची वाटते. 14 मार्च 2017 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधली एक गंभीर फट बुजवणारी दुरुस्ती दिली. 12 मे रोजी त्याच फटीतून वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला. ब्रिटनमधल्या रुग्णालयांच्या शस्त्रक्रिया थांबल्या. दोन महिने दुरुस्ती हाताशी होती, ज्यांनी ती घेतली नव्हती ते सापडले. 27 जूनच्या नॉटपेट्या हल्ल्यानेही तीच फट वापरली आणि त्या दिवशी नवी मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका कंटेनर टर्मिनलचं काम ठप्प झालं. फुलीला होकार मानण्याच्या डावपेचाचं खरं नुकसान मला इथे दिसतं. एकदा फसलेला माणूस पुढे गरजेची दुरुस्तीही दारातून परत पाठवतो.

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या ओळखायला शिकलं पाहिजे. दर महिन्याची सुरक्षा-दुरुस्ती म्हणजे गळक्या छपराचं कौल बदलणं. आवृत्ती बदलणं म्हणजे घर बदलणं. पहिली आठवड्याभरात घ्यावीच. दुसरी आपल्या सवडीने, आणि तीही पहिल्याच दिवशी नाही. ऑक्टोबर 2018 मधली विंडोज 10 ची आवृत्ती घाईने चढवणाऱ्या काहींच्या डॉक्युमेंट्समधल्या फायलीच पुसल्या गेल्या. असे लोक दहा हजारांत एक होते असं कंपनीने सांगितलं, तरी ती आवृत्ती काही दिवसांतच थांबवावी लागली आणि दुरुस्त होऊन परत यायला 13 नोव्हेंबर उजाडला. ज्याची लग्नपत्रिकांची किंवा ग्रामपंचायतीच्या नोंदींची फाइल गेली, त्याला त्या आकड्याचा काय उपयोग?

आता हाती घ्यायची कामं. विंडोज अपडेटच्या पानावर 'पॉज' आहे, त्याने पाच आठवड्यांपर्यंत अपडेट थांबवता येतं. दाखल्यांच्या गर्दीत किंवा पीकविम्याच्या शेवटच्या आठवड्यात तो वापरावा आणि गर्दी ओसरली की आठवणीने काढावा. तिथेच 'ॲक्टिव्ह अवर्स' आहेत. दुकानाची वेळ तिथे भरली की त्या वेळात संगणक स्वतःहून रीस्टार्ट होत नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम असेल तर त्या जोडणीला 'मीटर्ड' अशी खूण करावी, म्हणजे मोठ्या फायली न विचारता उतरत नाहीत. विंडोजची प्रो आवृत्ती असेल तर कोणत्या आवृत्तीवर थांबायचं हेही ठरवता येतं. होम आवृत्तीत ती सोय नाही, तेव्हा धंद्यासाठी लॅपटॉप घेताना हा फरक विचारून घ्यावा.

अपडेट चालू असताना लाइन जाणं ही आपल्याकडची खास अडचण. डेस्कटॉपला चालू स्थितीतली बॅटरी असलेला यूपीएस नसेल तर आवृत्ती बदलायला हात लावू नये. दुकानात दोन-तीन संगणक असतील तर आधी एकावरच प्रयोग करावा. त्याआधी सगळ्या फायली बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्याव्यात आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवावी, लावून ठेवलेली डिस्क खंडणीखोर व्हायरसलाही सापडते. आणखी एक गोष्ट फार जण विसरतात, ती बिटलॉकर या डिस्क-कुलपाची 48 आकडी किल्ली. नव्या लॅपटॉपवर डिस्क कुलूपबंद असते आणि मालकाला पत्ताही नसतो; जुलै 2024 च्या एका अपडेटनंतर काही संगणक सुरू होतानाच ही किल्ली मागू लागले होते. मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ती सापडते. आजच ती वहीत लिहून ठेवावी.

जुन्या डोंगलवर आणि पेजमेकरसारख्या जुन्या सॉफ्टवेअरवर ज्यांचं काम अजून अडलेलं आहे त्यांनी एक जुना संगणक इंटरनेटशिवाय फक्त त्यासाठी राखावा. मी तेच केलं आहे. सोबतच जुना मजकूर थोडाथोडा युनिकोडमध्ये आणत राहावं. रूपांतर करणारी साधनं मिळतात, मात्र जोडाक्षरं आणि रफार नजरेखालून घालावे लागतात.

विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. विंडोज 11 साठी टीपीएम 2.0 ही चिप आणि साधारण 2017 नंतरचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे धडधाकट चालणारे कितीतरी संगणक दाराबाहेर राहिले. त्यांना लगेच भंगारात काढू नये. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा-दुरुस्त्या 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत घेता येतात. मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सेटिंग्जचा बॅकअप ठेवला तर त्यासाठी पैसे पडत नाहीत, नाहीतर 30 डॉलर. अपडेटच्याच पानावर नोंदणी करायची असते.

दाद मागायची तर कायदा पाठीशी आहे. इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने ऑक्टोबर 2018 मध्ये, अपडेटने फोन मंदावल्याबद्दल ॲपलला एक कोटी आणि सॅमसंगला 50 लाख युरोंचा दंड केला. आपल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी ग्राहकाला फसवणाऱ्या 13 डिजिटल क्लृप्त्यांवर मार्गदर्शक तत्त्वं काढली. सतत भुणभुण करणं आणि जबरदस्तीने कृती करायला लावणं या दोन्ही त्यांत आहेत. ॲपलला आयओएस 18 नंतरच्या तक्रारींवरून याच प्राधिकरणाने नोटीस दिल्याचं केंद्रीय मंत्री प्रल्हाद जोशी यांनी जानेवारी 2025 मध्ये सांगितलं होतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार तक्रार तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथेच करता येते, म्हणजे वाशिमच्या जिल्हा ग्राहक आयोगातही. खरेदीची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला हा कायदा लागत नाही अशी समजूत आहे, पण केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी वस्तू वापरणारा या कायद्याने ग्राहकच ठरतो, तेव्हा सेवा केंद्र किंवा डीटीपीचं छोटं दुकान चालवणाऱ्याने मागे हटू नये. तक्रारीला लागतं ते बिल, पडद्याचा तारखेसह फोटो, दुरुस्तीची पावती आणि कंपनीशी झालेला लेखी पत्रव्यवहार. फोटो मोबाइलने काढावा, संगणकाचा स्क्रीनशॉट संगणकासोबतच अडकून बसतो.