आकड्यांमागची माणसे

क्रिकेटचा सामना तुम्ही पाहिला नसला, तरी दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातला धावफलक वाचून तो कसा झाला असेल, याचा अंदाज करता येतो. कोणी किती धावा काढल्या, कोण शून्यावर बाद झाला, हे सारे त्या छोट्याशा चौकटीत असते. अमेरिकेतले लोक बेसबॉलची अशीच चौकट आवडीने वाचतात. गंमत अशी, की ती चौकट तिथे रुजवणारा हेन्री चॅडविक हा मुळात क्रिकेटचा बातमीदार होता. त्याचा जन्म १८२४ साली इंग्लंडमध्ये झाला. लहानपणीच तो अमेरिकेला गेला. पुढे त्याला बेसबॉलची गोडी लागली आणि क्रिकेटसारखाच चोख हिशेब त्याने या खेळासाठी तयार केला.

आधी हा खेळ थोडक्यात समजून घेऊ. मैदानाच्या चार कोपऱ्यांवर चार ठिकाणे असतात. त्यांना बेस म्हणतात. पिचर चेंडू फेकतो, फलंदाज तो गोल दांड्याने टोलवतो आणि पहिल्या बेसकडे धावतो. फटका मारून तो सुखरूप पोहोचला, की त्याच्या नावावर एक 'हिट' लागते. चारही बेसना फेरी पूर्ण झाली, की एक धाव होते. तीन गडी बाद झाले, की डाव संपतो. प्रत्येक संघाला असे नऊ डाव मिळतात. म्हणजे एकूण २७ गडी बाद व्हायचे असतात. दहा वेळा खेळून तीन हिट मिळवणारा फलंदाज चांगला समजला जातो. चार मिळवणारा लाखात एक!

आता १९१० सालची गोष्ट ऐका. सर्वांत चांगली सरासरी असलेल्या फलंदाजाला चामर्स कंपनीने मोटार बक्षीस ठेवली होती. त्या काळी मोटार म्हणजे मोठी अपूर्वाईची वस्तू. शर्यतीत दोघेच उरले होते : डेट्रॉइटचा टाय कॉब आणि क्लीव्हलंडचा नॅप लॅजवे. कॉब असामान्य खेळाडू होता, पण स्वभावाने तापट. त्याच्यावर खूश असलेली माणसे थोडीच होती. आपण पुढे आहोत, असे पाहून तो शेवटचे दोन सामने खेळलाच नाही.

९ ऑक्टोबरला लॅजवेचे सेंट लुईसच्या संघाशी एकाच दिवशी दोन सामने होते. कॉबला मोटार मिळू नये, अशी सेंट लुईसच्या व्यवस्थापकाची इच्छा होती. त्याने तिसऱ्या बेसवरच्या नवख्या खेळाडूला खूप मागे उभे राहायला सांगितले. समोर मोकळी जागा पाहून लॅजवे बॅट नुसती टेकवून चेंडू हळूच पुढे सोडू लागला आणि सहज पहिल्या बेसवर पोहोचू लागला. त्या दिवशी त्याने आठ हिट मिळवल्या. आणखी एक हिट मांडावी म्हणून सेंट लुईसच्या एका प्रशिक्षकाने गुणलेखकाकडे चिठ्ठी पाठवली आणि नवा सूट देण्याची लालूच दाखवली. गुणलेखक बधला नाही. गवगवा झाला. व्यवस्थापक आणि प्रशिक्षक दोघांचीही नोकरी गेली. लीगच्या अध्यक्षाने हिशेब तपासून कॉबला विजेता ठरवले. कंपनीने मात्र शहाणपणा केला. तिने दोघांनाही मोटारी दिल्या.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण संपली नाही. सुमारे सत्तर वर्षांनी पीट पामर नावाचे संशोधक जुन्या वह्या चाळत होते. कॉबचा एक सामना वहीत दोनदा लिहिलेला त्यांना आढळला. त्या सामन्यात त्याने तीन वेळा खेळून दोन हिट मिळवल्या होत्या. कारकुनाची साधी चूक! पण ती काढली, तर १९१० चा खरा विजेता लॅजवे ठरतो आणि कॉबच्या कारकिर्दीतल्या एकूण हिट ४,१९१ ऐवजी ४,१८९ होतात. १९८१ मध्ये हे छापून आले. बेसबॉलचे तेव्हाचे आयुक्त म्हणाले, आता काही बदलायचे नाही.

त्यामुळे १९८५ मध्ये मोठी मौज झाली. पीट रोझने ११ सप्टेंबर रोजी सिनसिनाटीत, आपल्या घरच्या मैदानावर, ४,१९२ वी हिट मारली. कॉबचा विक्रम मोडला म्हणून सुमारे ४७ हजार प्रेक्षकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. खरा हिशेब धरला, तर तो विक्रम तीन दिवस आधीच, ८ सप्टेंबरला शिकागोत मोडला होता. 

कधी आकडा बरोबर असतो, पण नियमच बदलतो. हार्वे हॅडिक्स हा पिट्सबर्ग संघाचा डावखुरा पिचर. २६ मे १९५९ रोजी सर्दीने बेजार असतानाही तो मिलवॉकीविरुद्ध मैदानात उतरला. एक, दोन, तीन... त्याने एकामागून एक २७ फलंदाज बाद केले. एकालाही पहिल्या बेसवर पोहोचू दिले नाही. एवढ्यावर सामना जिंकला, तर त्याला 'परिपूर्ण सामना' म्हणतात. वरच्या दर्जाच्या लीगमध्ये २०२३ पर्यंत असे फक्त २४ सामने नोंदले गेले आहेत. पण हॅडिक्सच्या संघाला एकही धाव काढता येईना! खेळ पुढे चालू राहिला. हॅडिक्सने दहाव्या, अकराव्या आणि बाराव्या डावातही सर्वांना बाद केले. सलग ३६ फलंदाज! तेराव्या डावात त्याच्या एका साथीदाराने चेंडू चुकीचा फेकला आणि पहिला फलंदाज बेसवर पोहोचला. थोड्या वेळाने जो ॲडकॉकने चेंडू कुंपणापलीकडे मारला. तीन धावा व्हायच्या. पण पुढे धावणारा हँक आरन सामना संपला असे समजून मधूनच निघून गेला आणि ॲडकॉक त्याला ओलांडून गेला. नियमाने तो बाद. शेवटी एकच धाव मांडली गेली. हॅडिक्स १-० असा हरला.

१९९१ मध्ये एका समितीने ठरवले, की सामना संपेपर्यंत एकही हिट न देणाऱ्या पिचरचाच मान राखायचा. हॅडिक्सने एक हिट दिली होती. त्याचे नाव यादीतून निघाले. मला विचाराल, तर हा निर्णय नियमाला धरून असेल, न्यायाला धरून नाही.

आर्चिबाल्ड ग्रॅहमच्या नावापुढे तर शून्येच आहेत. २९ जून १९०५ या एका दिवशी तो न्यूयॉर्कच्या संघाकडून थोडा वेळ क्षेत्ररक्षणाला उतरला. त्याची फलंदाजीची पाळी येणार, तोच शेवटचा गडी बाद झाला. पुन्हा संधी आलीच नाही. पुढे तो मिनेसोटा राज्यातील चिझम गावात डॉक्टर झाला आणि अनेक वर्षे शाळेतल्या मुलांची तब्येत पाहत राहिला. बेसबॉलच्या जाडजूड ग्रंथातली ती शून्यांची ओळ एका कादंबरीकाराच्या नजरेस पडली आणि ग्रॅहम कादंबरीत, मग चित्रपटातही आला.

पण ज्यांच्या नावावर शून्यसुद्धा लिहिले गेले नाही, त्यांचे काय? अमेरिकेत कित्येक वर्षे काळ्या खेळाडूंना मोठ्या लीगचे दार बंद होते. लेखी नियम नव्हता. पण कोणी त्यांना घेत नसे. १९२० पासून त्यांनी स्वतःच्या लीग चालवल्या. जॉश गिब्सन हा त्यांच्यातला बलाढ्य फलंदाज. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सनने ते बंद दार उघडले. पण गिब्सन तीन महिने आधीच, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, मरण पावला होता.

त्या लीगचे आकडे अधिकृत वह्यांत नव्हते. संशोधकांनी काळ्या लोकांची जुनी वर्तमानपत्रे शोधून एकेक चौकट गोळा केली. २०२० मध्ये अशा सात लीगना मोठ्या लीगचा दर्जा मिळाला आणि मे २०२४ मध्ये त्यांचे आकडे मुख्य नोंदींत घेतले गेले. कारकिर्दीतल्या सरासरीत कॉब कित्येक दशके पहिला होता : ०.३६७. आता त्याच्या वर गिब्सनचे नाव आहे : ०.३७२.

तरीही गिब्सनचा हिशेब पुरा झालेला नाही. त्याच्या सन्मानफलकावर सुमारे ८०० होमरनचा, म्हणजे थेट फेरी पूर्ण करून देणाऱ्या फटक्यांचा, उल्लेख आहे. अधिकृत नोंदीत ते दोनशेसुद्धा नाहीत. लीगचे सामने थोडे असत. पोटासाठी हे संघ गावोगाव फिरून कोणाशीही खेळत. ते खेळ अधिकृत नोंदीत धरले जात नाहीत. लीगच्याही काही सामन्यांच्या चौकटी अजून सापडलेल्या नाहीत. संशोधक त्या अजून शोधत आहेत.

स्वाध्याय

१. कॉब आणि लॅजवे या दोघांनाही मोटारी का मिळाल्या?
२. पीट रोझच्या विक्रमाचा आनंद 'उशिरा' साजरा झाला, असे का म्हणता येईल?
३. हॅडिक्सचे नाव यादीतून काढणे तुम्हांला योग्य वाटते का? सकारण लिहा.
४. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : अपूर्वाई, बधणे, गवगवा होणे, बेजार असणे.