नवा साहेब आणि लॅबमधल्या मुली : संशयाची पारख कशी करावी?



आजचा पाठ शेतातला नाही, कारखान्यातला आहे. पण तो समजून घ्यायचा आहे शेतातल्याच रीतीने.

आपल्यातल्या पुष्कळ सभासदांच्या पोरी आता बी.एस्सी. होतात, साखर तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम करतात, डिप्लोमा घेऊन इलेक्ट्रिकल विभागात किंवा लॅबमध्ये कामाला लागतात. उसाच्या बिलातून फी भरून बापाने त्यांना शिकवलेले असते. अशी पोरगी एखाद्या दिवशी घरी येऊन म्हणते, "आप्पा, नवे साहेब आल्यापासून आम्हा बायकांना नीट कामच देत नाहीत." यावर घरात बहुधा दोनच उत्तरे निघतात. एक, "गप बस, नोकरी टिकव." दुसरे, "उद्याच चेअरमनकडे जातो, बघतोच त्या साहेबाला!" आमच्या मते ही दोन्ही उत्तरे घाईची आहेत. पहिल्याने पोरीवर अन्याय होतो, दुसऱ्याने कदाचित साहेबावर. मधली वाट पारख करण्याची आहे. ती कशी करायची, ते आज पाहू.

एक रचलेले उदाहरण

समजा, एका कारखान्याच्या लॅबमध्ये सहा केमिस्ट आहेत. चार मुलगे, दोन मुली. (हे उदाहरण आम्ही समजावण्यासाठी रचले आहे, कुणा कारखान्याचे नाही.) सहाही जण आळीपाळीने पाळीचे प्रमुख असत, रसाचा ब्रिक्स-पोल काढत, मळी आणि मोलॅसिसमध्ये किती साखर वाया जाते ते पाहत. गाळपाच्या ऐन मध्यावर नवे प्रमुख आले. दोन महिन्यांत दोन्ही मुलींचे पाळीप्रमुखपद गेले. त्यांच्याकडे रजिस्टर उतरवणे आणि बाटल्यांना चिठ्ठ्या लावणे एवढेच राहिले. पाळीचा भत्ता बुडाला. सकाळच्या बैठकीचा निरोप त्यांना येईना. प्रशिक्षणाला दोन वर्षांनी कनिष्ठ असलेला मुलगा गेला. साहेबांचे बोलणे मात्र गोड. कधी वावगा शब्द नाही.

हा भेदभाव आहे काय? एवढ्यावरून सांगता येत नाही. साहेब सगळ्यांशीच असे वागत असतील. कामाची नवी मांडणी करत असतील. किंवा बाई म्हणूनच बाजूला सारत असतील. तिन्ही गोष्टी दुरून सारख्याच दिसतात. ऊस पिवळा पडला की कुणी म्हणतो पाणी जास्त झाले, कुणी म्हणतो लोह कमी पडले, कुणी म्हणतो हुमणी लागली. शहाणा शेतकरी आधी बुडखा उकरून पाहतो, मग औषध आणतो.

पारखीच्या पाच पायऱ्या

पहिली पायरी, नोंद. ज्या दिवशी गोष्ट घडली त्याच दिवशी वहीत लिहावे : तारीख, कोणते काम काढले, कुणाला दिले, कोणत्या शब्दांत सांगितले, समोर कोण होते. मनाला काय वाटले ते वेगळ्या पानावर. घडलेले आणि वाटलेले एकात मिसळले की दोन्हींची किंमत जाते.

दुसरी पायरी, जोडीची तुलना. दोन वाणांची तुलना करायची तर जमीन एक, लागणीची तारीख एक, खत-पाणी एक ठेवावे लागते. इथेही तसेच. ज्याचे शिक्षण सारखे, सेवा सारखी, काम सारखे, अशा मुलाशी मुलीची तुलना करावी. वीस वर्षे काम केलेल्या माणसाशी काल लागलेल्या मुलीची तुलना करून उपयोग नाही.

तिसरी पायरी, आधी आणि नंतर. साहेब येण्यापूर्वीची पाळीपत्रके आणि नंतरची शेजारी ठेवावीत. पण हंगाम सारखा धरावा. जानेवारीचा ताळा जुलैशी घालू नये. गाळप बंद झाल्यावर पाळ्या सगळ्यांच्याच कमी होतात.

चौथी पायरी, कारण विचारणे. शांतपणे, आणि शक्य तर लेखी. "माझ्या कामात काही उणे असेल तर कळावे, म्हणजे सुधारीन," एवढे लिहिले तरी पुरे. मग उत्तराची कसोटी घ्यावी. ते कारण मुलांनाही लागू होते काय? "तुझ्या नोंदीत चुका होतात" असे उत्तर आले आणि तितक्याच चुका करणारा मुलगा पाळीप्रमुख राहिला, तर ते कारण टिकत नाही. आज एक कारण, उद्या दुसरे, परवा तिसरे असे होऊ लागले, तर समजावे की खरे कारण अजून सांगितलेलेच नाही.

पाचवी पायरी, एकदा की वारंवार. एका बैठकीचा निरोप चुकला, ही विसर. प्रत्येक बैठकीचा चुकतो आणि दोन्ही मुलींचाच चुकतो, ही रीत.

दोनच मुली असल्या तर आकडे फार लहान असतात, हेही ध्यानात ठेवावे. म्हणून नोंद जितकी पक्की तितके बरे.

'माया' म्हणून केलेला अन्याय

पुष्कळदा साहेबाच्या मनात वाकडे काही नसते. "मुलींना रात्रीचा त्रास कशाला?" असे तो मनापासून म्हणतो. वर कायद्याकडेही बोट दाखवतो. त्या कायद्याची हकीकत अशी. १९४८ च्या कारखाने कायद्यातील कलम ६६ प्रमाणे बाईला सकाळी ६ ते संध्याकाळी ७ एवढ्याच वेळात कारखान्यात काम देता येई. महाराष्ट्राने २०१५ साली दुरुस्ती करून सुरक्षिततेच्या अटींवर रात्रपाळीला वाट करून दिली. पुढे केंद्राची २०२० ची व्यावसायिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्याप्रमाणे बाईची स्वतःची संमती असेल आणि सुरक्षिततेची व्यवस्था असेल तर रात्रीही काम देता येते.

याचा अर्थ नीट घ्यावा. तिच्यावर रात्रपाळी लादता येत नाही. आणि "तुला झेपणार नाही" असे तिच्या वतीने दुसऱ्याने ठरवायचेही नाही. विचारायचे तिला. उजेड, वाहन, सोबत यांची सोय करायची कारखान्याने. माया करावी, पण मायेपोटी कुणाच्या ताटातली भाकरी काढून घेऊ नये.

घडलेल्या दोन गोष्टी

पहिली अमेरिकेतील. अलाबामा राज्यात गॅड्सडेन येथे गुडइयरचा टायर कारखाना होता. तिथे लिली लेडबेटर या बाई १९७९ ते १९९८ कामाला होत्या, बराच काळ पाळीवरच्या अधिकारी म्हणून. सुरुवातीला पगार पुरुषांच्या बरोबरीचा होता. पण वाढ वरिष्ठांच्या शेऱ्यावर अवलंबून असल्याने वर्षागणिक अंतर पडत गेले. १९९७ अखेर त्यांना महिना ३,७२७ डॉलर मिळत. त्याच पदावरच्या पुरुषांत सर्वांत कमी पगार ४,२८६ आणि सर्वांत जास्त ५,२३६ डॉलर होता. हे त्यांना कळले ते कुणीतरी ठेवलेल्या निनावी चिठ्ठीवरून. त्या कोर्टात गेल्या. पण २००७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले की तक्रार मुदतीत आली नाही. लोकांना हे पटले नाही. २००९ साली त्यांच्याच नावाने कायदा होऊन ही मुदतीची अडचण दूर झाली. मात्र त्या बाईंच्या हाती बुडालेला पगार आला नाही. आपल्यासाठी धडा एवढाच, की अंतर वर्षाला वीतभर पडते आणि वीस वर्षांनी त्याचा कोस होतो. नोंद आजच ठेवावी.

दुसरी आपल्या मुंबईची. मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत महिला स्टेनोंना पुरुष स्टेनोंपेक्षा कमी पगार होता. ऑड्री डिकॉस्टा या बाईंनी १९७६ च्या समान वेतन कायद्याखाली दाद मागितली. कंपनी म्हणाली, बायकांचे काम निराळे आहे, शिवाय युनियनशी करार झालेला आहे. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही म्हणणी फेटाळली. कामाचे नाव पाहू नका, प्रत्यक्ष काम काय ते पाहा. आणि कंपनीला पैसे देणे परवडत नाही ही सबब चालणार नाही, असा निकाल दिला. तो १९७६ चा कायदा आता २०१९ च्या वेतन संहितेत सामावला आहे. सारख्या कामाला सारखे वेतन हे तत्त्व तिथेही कायम आहे.

सभासदांचा संबंध काय?

कुणी म्हणेल, हा नोकरांचा प्रश्न, आम्ही ऊस घालणारे. तसे नाही. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये होती, आणि त्यावर उताऱ्याच्या दर ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे वाढ. म्हणजे टनाला ३४ रुपये ६० पैसे. साखर कुठे गळते हे लॅब सांगते. शिकलेल्या दोन केमिस्टना चिठ्ठ्या चिकटवायला बसवले, तर त्यांचे ज्ञान बसून राहते, आणि नुकसान आपलेही होते.

आणखी एक गोष्ट स्वतःलाही विचारू. आपल्या फडात नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. बाई तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. पण उचल आणि हिशोब पुष्कळदा नवऱ्याच्याच नावाचा. साहेबाकडे बोट दाखवताना उरलेली बोटे कुणाकडे वळतात ते पाहावे.

मग करावे काय?

पारख करून संशय खरा वाटला, तर पोरीने आधी साहेबांशीच बोलावे. पुष्कळ वेळा तिथेच सुटते. न सुटल्यास लेखी अर्ज करून, वहीतल्या नोंदींसह, कार्यकारी संचालकांकडे किंवा तक्रार निवारण समितीकडे जावे. युनियनची सोबत घ्यावी. संचालक मंडळात महिलांसाठी दोन जागा राखीव असतात. त्या संचालिकांच्या कानावर घालावे. लैंगिक छळाची गोष्ट असेल तर वाट निराळी आहे : २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती, आणि तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत.

आणि घरच्यांनी? पोरगी सांगते ते आधी पुरते ऐकावे. "तुला उगीच वाटतं" असे म्हणू नये, आणि लगेच काठीही उचलू नये. एक वही आणून द्यावी.

पाठाची उजळणी

१. घडलेले आणि वाटलेले वेगळे का लिहावे?
२. तुलना करताना कोणत्या गोष्टी सारख्या धराव्यात?
३. रात्रपाळीबाबत कुणाला विचारावे, आणि सोय कुणी करावी?
४. आपल्या फडातल्या कोयत्याचा हिशोब कुणाच्या हाती पडतो?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर वहीत लिहायचे नाही. पुढच्या हंगामात टोळी फडात उतरेल, तेव्हा ते शेतावरच द्यायचे आहे.