तारखेचे वाचन : काटेकोर पद्धती आणि तिचे नकार

संदिग्धता हा केवळ काव्याचा विषय नव्हे. संगणक तारीख वाचतो तेव्हाही तिच्याशीच गाठ पडते. वर्धा जिल्ह्यातील थोर व्यक्तींची सूची आपण जावा या आज्ञावली-भाषेत करीत आहोत, असे समजा. विनोबा भावे यांचे पवनार येथे १५ नोव्हेंबर १९८२ रोजी निधन झाले. '१५/११/१९८२' ही नोंद महिना प्रथम मानणाऱ्या अमेरिकी क्रमाने वाचल्यास यंत्र अडते, कारण पंधरावा महिना नसतो. चूक उघड होते, म्हणून ती सुसह्य. त्यांचा जन्मदिनांक मात्र ११ सप्टेंबर १८९५. '११/०९/१८९५' ही नोंद त्याच क्रमाने निमूटपणे ९ नोव्हेंबर होऊन बसते. दोन्ही वाचने व्याकरणशुद्ध असल्याने येथे काटेकोरपणाही हतबल ठरतो. क्रम आज्ञावलीत अचूक सांगणे, एवढाच उपाय उरतो.

जावाच्या आठव्या आवृत्तीपासून (२०१४) वाचनाच्या तीन वृत्ती उपलब्ध आहेत. '३१/०९/२०२३' ही अशक्य तारीख सैल वृत्ती १ ऑक्टोबर मानते. 'स्मार्ट' वृत्ती ३० सप्टेंबर करते. 'स्ट्रिक्ट' वृत्ती नाकारते. आपण काही न सांगितल्यास 'स्मार्ट' लागू होते. माझ्या मते जन्ममृत्यूच्या नोंदींत हा परस्पर केलेला शहाणपणा घातकच.

काटेकोर वृत्तीत एक नकार नवशिक्यांना चक्रावून टाकतो. क्रम बरोबर, तारीखही खरी, तरी यंत्र ती स्वीकारत नाही. दोष वर्षाच्या चिन्हात असतो. चार वेळा लिहिलेले 'वाय' हे अक्षर 'कालगणनेतील वर्ष' दर्शविते. कालगणना कोणती, हे न सांगितल्यास वर्ष अपुरे राहते. मराठी वाचकाला हे नवे वाटू नये : शके १८१७ आणि इ. स. १८९५ यांतील फरक कालनामाविना कसा कळावा? 'वाय'ऐवजी 'यू' हे अक्षर चार वेळा लिहिले की कालनामाची गरज उरत नाही आणि नोंद स्वीकारली जाते.

आणखी एक अडचण आपल्या लिपीची. येथे छापलेले देवनागरी अंक जसेच्या तसे दिल्यास तिन्ही वृत्ती ते नाकारतात. शून्याचे चिन्ह '०' आहे, असे अंकशैलीत वेगळे सांगावे लागते.

स्वाध्याय : गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी सेगावला आले, जमनालाल बजाज यांचे ११ फेब्रुवारी १९४२ रोजी निधन झाले. दोन्ही तारखा दिवस प्रथम या क्रमाने अंकांत लिहा. अमेरिकी क्रमाने वाचताना कोणती नाकारली जाईल आणि कोणती चुकीची वाचली जाईल, ते सकारण सांगा.