बोलून ठेवलेली आहारनोंद

‘काल रात्री काय जेवलात?’ हा प्रश्न आपण सारे व्यवसायबंधू दिवसातून अनेकदा विचारतो आणि त्याचे उत्तरही आपल्याला जवळजवळ पाठ असते : दोन पोळ्या, भाजी, थोडा भात. रुग्ण खोटे बोलत नसतो. तो आपले नेहमीचे जेवण सांगतो, कालचे नव्हे. कमी खाऊनही वजन उतरत नाही, अशी तक्रार असलेल्या स्थूल व्यक्तींचा एक लहानसा अभ्यास १९९२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. त्या व्यक्तींनी सांगितलेला आहार प्रत्यक्ष आहारापेक्षा सरासरी ४७ टक्क्यांनी कमी भरला होता. मात्र उलट दिशेची चूकही तितकीच घातक असते. न जेवलेले जेवण रुग्ण जेवलो म्हणून सांगतो, ही गोष्ट मला एका आजींनी शिकविली.

आजी इंदूरच्याच. सकाळी व संध्याकाळी जेवणापूर्वी मिश्र इन्सुलिन घेणाऱ्या. मधुमेहाने दृष्टिपटलाला इजा झालेली, त्यामुळे वहीत लिहिणे सुटलेले. रात्रीच्या जेवणाबद्दल विचारले की प्रत्येक भेटीत ‘दीड फुलका आणि वरण’ हेच उत्तर. सकाळची उपाशीपोटी रक्तशर्करा वाढलेली दिसली, म्हणून मी संध्याकाळची मात्रा दोन युनिटांनी वाढविली. त्यानंतर महिन्याभरात दोनदा पहाटे त्यांना दरदरून घाम फुटला. दिवस मे महिन्याचे होते; आजींनी तो उकाड्याचा घाम मानला आणि मला सांगितलाही नाही.

पुढच्या भेटीत नातवाने ही हकिकत ओझरती सांगितली, तेव्हा मी नोंदीचा आग्रह धरला. आजींना लिहिता येईना आणि सूनबाई नोकरीवर. अखेरीस नातवाने आपल्या जुन्या आयफोनवर एक ध्वनी-आज्ञा बसवून दिली. ती कशी बसवावी हे येथे सविस्तर सांगतो, कारण काम पाच मिनिटांचे आहे.

आयफोनमध्ये ‘नोट्स’ या ठिकाणी ‘आहार’ नावाची एक कोरी नोंद आधी तयार करावी. मग ‘शॉर्टकट्स’ हे ॲप उघडून नवी आज्ञा जोडावी. तिच्यात तीन पायऱ्या हव्यात. पहिली ‘डिक्टेट टेक्स्ट’ : येथे भाषा निवडता येते, आणि बोलणे थांबताच ऐकणे थांबावे असेही ठरविता येते. दुसरी ‘टेक्स्ट’ : या चौकटीत आजची तारीख-वेळ आणि बोललेला मजकूर हे दोन्ही घालावेत. वेळेवाचून नोंद निरुपयोगी असते, म्हणून ही पायरी गाळू नये. तिसरी ‘ॲपेंड टू नोट’ : तिच्यामुळे तो मजकूर ‘आहार’ नोंदीच्या शेवटी जाऊन बसतो. आज्ञेला आपण जे नाव देऊ, तेच सिरीला सांगायचे. सिरीची भाषा इंग्रजी असेल तर नावही ‘फूड डायरी’सारखे इंग्रजी ठेवावे, ‘जेवण’ म्हटल्यावर ती भलतेच काही ऐकते. फोन कुलूपबंद असताना आज्ञा चालते की नाही, हे रुग्णाच्या हाती देण्यापूर्वी एकदा पाहून घ्यावे.

आजींनी बोलण्यासाठी हिंदी निवडली. घरात मराठी आणि भाजीवाल्याशी हिंदी, हा आपल्या गावचा शिरस्ताच आहे. मला त्यात खंत करण्यासारखे काही वाटत नाही.

ज्यांना मराठीतच बोलायचे आहे, त्यांच्यासाठी अँड्रॉइड फोनवरील गूगलचा कळफलक सोयीचा. २०१७ पासून त्यात मराठी बोलून टंकता येते. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच संदेश पाठविण्याची सोय आहे. तेथे कळफलक मराठीवर आणून, माइकच्या चिन्हावर बोट ठेवून बोलावे. वेळ आपोआप उमटते. मात्र हा मार्ग डोळ्यांनी धड असलेल्यांचा. माझ्या एका रुग्णाच्या ‘पोहे, शेव’चे ‘पुढे सेवा’ झाले होते; पण सकाळचे नऊ वाजले होते आणि गाव इंदूर होते, त्यामुळे अर्थ लावणे अवघड गेले नाही.

काय बोलावे? उष्मांक मोजण्याच्या फंदात रुग्णाला पाडू नये. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली ५२८ भारतीय खाद्यपदार्थांची घटक-कोष्टके प्रसिद्ध केली, ती आपल्या टेबलावर असावीत. परंतु त्यांतून तांदळाचे आणि तुरीच्या डाळीचे घटक कळतात, अमुक घरच्या आमटीचे नव्हेत. रुग्णाने घरच्या वाटीचे आणि चमच्याचे माप सांगावे, औषध वा इन्सुलिन घेतल्याचे सांगावे, आणि जेवण टळले तर तेही त्याच वेळी बोलून ठेवावे. वहीत टळलेल्या जेवणाची जागा कोरी राहते, आणि कोऱ्या जागेचा अर्थ आपण ‘लिहायचे विसरले’ असा लावतो.

आजींच्या चौदा दिवसांच्या नोंदीत तीन रात्री एकच वाक्य होते : ‘आज रोटी नहीं, बस एक कप दूध. इंजेक्शन ले लिया.’ त्यातली एक चतुर्थी होती. उरलेल्या दोन रात्री मुलगा दुकानातून उशिरा आला आणि त्याची वाट पाहता पाहता आजींची भूक मेली. इन्सुलिन मात्र घड्याळाच्या काट्यावर घेतलेले. त्यानंतरच्या अशाच एका रात्री मी घरच्यांना तीन वाजता ग्लुकोमीटरने तपासायला सांगितले. आकडा आला ५८. लगेच साखरेचे पाणी दिले, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले.

वाढविलेली दोन युनिटे मी दुसऱ्याच दिवशी मागे घेतली. इन्सुलिन आता पान वाढल्यावरच घ्यायचे आणि जेवायचे नसेल तर सुई टोचण्यापूर्वी मला फोन करायचा, असे ठरले. मुलाची वाट न पाहता जेवायला आजी काही केल्या तयार होईनात. शेवटी मुलानेच दुकान साडेआठला बंद करायचे कबूल केले.

एक सावधगिरी. अशा नोंदी म्हणजे रुग्णाची खासगी माहिती आहे, आणि बोललेला आवाज पुष्कळदा फोनबाहेरच्या संगणकाकडे जाऊन अक्षररूपाने परत येतो, हे रुग्णाला आधी सांगावे. ‘मनोरंजक केस’ म्हणून त्या आपल्या डॉक्टरमंडळींच्या गटावर टाकू नयेत. आजींची हकिकत मी त्यांना विचारूनच येथे लिहिली आहे. त्यांनी परवानगी दिली, फक्त वय लिहू नका म्हणाल्या.