इन्व्हर्टरची कार्यक्षमता : मोजावी कशी, जोखावी कशी

आपल्या विहाराच्या अभ्यासिकेत रात्री दहानंतर वाचत बसणारी बहुतेक मुले अशा घरांतली आहेत, की जिथे एकाच खोलीत पाच-सहा माणसे झोपतात. घरी दिवा ठेवला तर आजीची झोपमोड, विझवला तर अभ्यास बुडाला. म्हणून छतावर सौर पॅनेल बसवावे असे ठरले व समाजबांधवांनी आपापल्या परीने वर्गणीही दिली. विक्रेत्याने सांगितले होते, "नव्वद टक्के कार्यक्षमता आहे. दहाला दिवे लावा, पहाटे पावणेपाचपर्यंत चिंता नको." प्रत्यक्षात साडेतीनलाच अंधार होऊ लागला. बैठकीत दोन पक्ष पडले. एक म्हणे, इन्व्हर्टर सदोष आहे, परत करा. दुसरा म्हणे, मुलेच चोरून पंखा लावत असतील. मुलांवर आळ येतो आहे असे पाहून आम्ही सुचविले की, आधी मोजू, मग बोलू.

प्रथम कार्यक्षमता म्हणजे काय ते पाहू. पॅनेलची वीज चार्ज कंट्रोलरमार्गे बॅटरीत साठते. बॅटरी 12 व्होल्टची दिष्ट, म्हणजे डी.सी. वीज देते. इन्व्हर्टर तिची 230 व्होल्टची ए.सी. वीज करतो. बाहेर आलेल्या वॉटला आत गेलेल्या वॉटने भागून शंभराने गुणले की कार्यक्षमता मिळते. उरलेल्या विजेची उष्णता होते. इन्व्हर्टरच्या पेटीवर हात ठेवला तर ती हाताला कळते.

मोजणी रात्रीच करावी, म्हणजे पॅनेलची वीज मध्ये येत नाही. अभ्यासिकेत 20 वॉटच्या सहा एल.ई.डी. ट्यूब आहेत. त्या लावून वायरमनकडून बॅटरी व इन्व्हर्टर यांमधील तारेवर माप घेतले. मल्टिमीटरने 12.5 व्होल्ट दाखविले, क्लॅम्प मीटरने 12 अँपिअर. गुणाकार 150 वॉट. (येथे डी.सी. मोजणारा क्लॅम्प मीटरच हवा, साधा मीटर फक्त ए.सी. मोजतो.) मग ट्यूबच्या बाजूला मोजले : 230 व्होल्ट, 0.94 अँपिअर, म्हणजे 216. भागाकार केला तर कार्यक्षमता 144 टक्के! मुले खो खो हसली. कालाम सुत्तात ऐकीव गोष्टीवर विसंबू नका असा उपदेश आहे. मीटरचे सांगणेही एक प्रकारे ऐकीवच असते, हे आम्ही त्या क्षणी विसरलो होतो.

चूक अशी की ए.सी. मध्ये व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॉट नव्हे, ते व्होल्ट-अँपिअर. खरे वॉट काढण्यासाठी त्याला पॉवर फॅक्टरने गुणावे लागते, आणि स्वस्त एल.ई.डी.चा पॉवर फॅक्टर बराच कमी असतो. आमच्या ट्यूबचा 0.55 च्या आसपास निघाला. प्लगमध्ये लावायचा वॉटमीटर आणून पुन्हा मोजले तेव्हा 120 वॉट आले. 120 भागिले 150, म्हणजे 80 टक्के.

मग विक्रेता खोटे बोलला काय? आम्ही भार वाढवून 400 वॉट केला. आत 454 वॉट जात होते, कार्यक्षमता 88 टक्के. सगळे दिवे विझविले तरी इन्व्हर्टर 12.6 व्होल्टवर 1.6 अँपिअर, म्हणजे 20 वॉट खात होता. हा त्याचा स्वतःचा खर्च. भार मोठा असेल तर तो जाणवत नाही, लहान असेल तर तोच डोईजड होतो. पाटीवरचा नव्वदचा आकडा भरपूर भाराचा असतो. आपली मुले वाचतात ती 120 वॉटवर.

आता हिशेब पाहा. बॅटरी 150 अँपिअर-अवरची, म्हणजे 1800 वॉट-तास. ती लवकर खराब होऊ नये म्हणून निम्मीच, 900 वॉट-तास वापरायची. विक्रेत्याच्या 90 टक्क्यांप्रमाणे ती पावणेसात तास पुरते, 80 टक्क्यांप्रमाणे सहा. शिवाय सूर्य मावळल्यापासून दहापर्यंत इन्व्हर्टर रिकामाच चालू राहत असे. साडेतीन तासांत 70 वॉट-तास तेथेच गेले. उरलेले 830 साडेपाच तासांत संपतात, म्हणजे बरोबर साडेतीन वाजता. आणि मुलांनी 50 वॉटचा पंखा लावला असता तर दोनलाच अंधार झाला असता. मुले निर्दोष ठरली. ज्यांनी आळ घेतला त्यांनी पुढच्या बैठकीत तसे सांगितलेही.

इन्व्हर्टर परत केला नाही. दहापर्यंत तो बंद ठेवायचा आणि रात्री दोननंतर, मुले कमी झाली की, दोन ट्यूब विझवायच्या असे ठरले. आता पावणेपाचपर्यंत उजेड टिकतो.

आपली मापे किती विश्वासाची, हेही सांगितले पाहिजे. क्लॅम्प मीटरमध्ये दोन टक्क्यांची चूक सहज होते. म्हणून आमचे 80 म्हणजे 78 ते 82 समजावे. तारेवर लावण्यापूर्वी तो शून्यावर आणावा, आणि अर्ध्या तासाने माप पुन्हा घ्यावे.

ज्या सभासदांनी 2024 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेतून, बॅटरीशिवाय थेट वीजमंडळाच्या लाइनला जोडलेला इन्व्हर्टर घरी बसविला आहे, त्यांनी मात्र अशी मोजणी स्वतः करू नये. तेथे पॅनेलच्या तारांत शेकडो व्होल्ट डी.सी. असते व तिची ठिणगी सहजी विझत नाही. या इन्व्हर्टरवर 97-98 टक्के लिहिलेले असते. 97 चांगला की 98, हे घरच्या मीटरने ठरणार नाही आणि ठरवून फारसे काही हातीही लागत नाही. त्यांनी महिन्याचे युनिट पाहावे. आपल्याकडे एका किलोवॉटला वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे चार युनिट मिळतात. फार कमी आले तर आधी धूळ पाहावी, मग शेजारच्या टाकीची सावली. उन्हाळ्यात पॅनेल तापले की दर अंशामागे तिसऱ्या हिश्शाच्या आसपास टक्का उत्पादन घटते. तोही दोष इन्व्हर्टरचा नव्हे.

बॅटरीवाला इन्व्हर्टर घेताना मात्र दुकानात एकच प्रश्न विचारावा : रिकामा चालू असताना किती वॉट खातो? आम्ही तो तीन दुकानांत विचारला. उत्तर एकाच दुकानदाराकडे होते.